केसकरांची चाळणी आणि १९५२ची माझी यादी

डिसेंबर लागला की गाणंवेड्या मंडळींच्या याद्या बाहेर पडतात. वर्षातले सर्वोत्तम दहा अल्बम, वीस अल्बम. कुणाचा पहिला आला, कुणाचा हुकला, यावर भांडणं. मला हा उद्योग मनापासून आवडतो. माझी यादी मात्र चालू वर्षाची नसते. ती १९५२ची आहे. त्या साली मी जन्मलोही नव्हतो. पण हिंदी सिनेसंगीताचं कुठलं तरी एकच वर्ष उचलून घरी न्या असं कुणी म्हटलं, तर मी १९४९ला हात लावणार नाही, जरी त्यात ‘महल’, ‘बरसात’ आणि ‘अंदाज’ असले तरी. १९६०लाही नाही, जरी त्यात ‘मुगल-ए-आझम’ असला तरी. मी १९५२ उचलीन.

याचं एक कारण गाणी. दुसरं कारण असं की, नेमक्या याच वर्षी देशाच्या सरकारने ही गाणी लोकांनी ऐकू नयेत असं ठरवलं.

आधी अल्बम या शब्दाचा हिशेब करू. १९५२ साली आजच्या अर्थाने अल्बम नव्हताच. होती ती लाखेची तबकडी. ७८च्या वेगाने फिरणारी, दहा इंची, एका बाजूला जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटं. ही लाख म्हणजे आपल्याच जंगलांतल्या किड्यांची लाख. कलकत्त्याजवळ दमदमच्या कारखान्यात तिच्या तबकड्या दाबल्या जात. एका सिनेमाची आठ-दहा गाणी घ्यायची तर चार-पाच तबकड्या विकत घ्याव्या लागत. त्या जपून ठेवण्यासाठी जाड कागदाच्या पाकिटांची बांधलेली वही मिळायची, फोटोंच्या अल्बमसारखी. अल्बम हे नाव त्या वहीवरूनच आलं. म्हणून मी इथे एका सिनेमाच्या सगळ्या गाण्यांना मिळून अल्बम म्हणतो आहे. जाणकारांनी माफ करावं.

आता सरकारकडे वळू. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर नेहरूंच्या मंत्रिमंडळात माहिती व नभोवाणी खातं आलं बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे. जन्म पुण्याचा, शिक्षण पॅरिसपर्यंत, आणि शास्त्रीय संगीतावर खरोखरीचं प्रेम. १९५२ ते १९६२ अशी सलग दहा वर्षं ते त्या खुर्चीवर होते. त्यांच्या बाजूने बोलायचं तर पुष्कळ बोलता येतं. शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात, जुलै १९५२मध्ये सुरू झाला. एरवी राजेरजवाड्यांच्या आणि धनिकांच्या दिवाणखान्यांत अडकलेलं गाणं त्यामुळे खेड्यातल्या पंचायतीच्या रेडिओवर येऊन बसलं. वाद्यवृंद आला, रेडिओ संगीत संमेलन आलं. हे काम लहान नाही.

पण केसकरांच्या हातात एक चाळणी होती. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: हिंदुस्तानी संगीत हे मुळात धर्माशी आणि अध्यात्माशी जोडलेलं होतं. मुसलमान उस्तादांच्या हाती गेल्यावर ते त्यापासून तुटलं. संस्कृत न येणाऱ्या या मंडळींनी विद्येची घराणी केली, ती बंद पेटीत ठेवली, दरबाराची करमणूक करून टाकली. म्हणून दक्षिणेतलं संगीत शुद्ध राहिलं आणि उत्तरेतलं बिघडलं. १९६७ साली त्यांचं भारतीय संगीतावरचं इंग्रजी पुस्तक मुंबईत छापून निघालं, त्यातही हाच सूर आहे. या मांडणीत सिनेसंगीत म्हणजे तर अधोगतीची शेवटची पायरी. उडत्या चाली, परदेशी वाद्यं, शृंगारिक शब्द.

मग चाळणी फिरली. ऑल इंडिया रेडिओवरच्या सिनेगीतांना एकूण वेळेच्या दहा टक्क्यांची मर्यादा आली. त्यांतलीही आधी तपासून घ्यायची. गाणं लावताना सिनेमाचं नाव सांगायचं नाही, कारण ती जाहिरात होते. निर्माते चिडले आणि त्यांनी गाणी वाजवण्याचे परवाने काढून घेतले. काही महिन्यांत सिनेगीतं सरकारी रेडिओवरून जवळपास गायब झाली. हार्मोनियमवर तर तिथे १९४०पासूनच बंदी होती. महाराष्ट्राचं नाट्यसंगीत ज्या पेटीच्या सुरावर उभं राहिलं, ती पेटी अशुद्ध ठरवून इंग्रज साहेबाने बाहेर ठेवली होती, आणि पुण्याच्या मंत्र्यानेही ती बाहेरच ठेवली.

लोकांनी काय केलं? काटा फिरवला. कोलंबोहून रेडिओ सिलोन लागत होतं. दुसऱ्या महायुद्धात फौजेसाठी उभारलेला तिथला शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर आता पेस्ट-साबणाच्या जाहिराती आणि मुंबईची गाणी साऱ्या उपखंडात पोचवत होता. ३ डिसेंबर १९५२ला तिथून ‘बिनाका गीतमाला’चा पहिला कार्यक्रम झाला. सात गाणी. निवेदक अमीन सायानी, वय एकोणीस. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप विमानाने कोलंबोला जायची. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, असं सायानी सांगत. त्यांच्या तोंडची भाषा कुठून आली हेही सांगायला हवं. त्यांची आई कुलसुम सायानी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ नावाचं पत्र काढत. गांधीजींच्या आग्रहातली हिंदुस्तानी, देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. अमीनभाई लहानपणी त्या कामात हाताशी असत. सरकारी रेडिओची हिंदी संस्कृतच्या दिशेने चालली होती. त्याच वेळी कोलंबोहून ही बायाबापड्यांना कळणारी जबान ऐकू येत होती.

गीतमालेची वार्षिक यादी मात्र १९५३पासून. त्या साली ‘अनारकली’तल्या गाण्याने बाजी मारली. म्हणजे १९५२ हे वर्ष दोन्ही बाजूंनी निसटलं. सरकारने ऐकवलं नाही, सिलोनने मोजलं नाही. तेव्हा ही यादी करायला मी मोकळा आहे.

सुरुवात तलत महमूदपासून करावी लागते, कारण १९५२ तलतचं आहे. शंकर-जयकिशनचा ‘दाग’, सज्जाद हुसेनचा ‘संगदिल’, रोशनचा ‘अनहोनी’, सी. रामचंद्रांचा ‘परछाईं’, ए. आर. कुरेशींचा ‘बेवफा’. पाच संगीतकार, पाच स्वभाव, आणि त्या प्रत्येकाला आपल्या सिनेमातली हळवी जागा याच गळ्यात ठेवावीशी वाटली. तलतच्या आवाजात एक बारीक कंप होता. अनिल विश्वासांनी तो त्याला लपवू दिला नाही, हे त्यांचे आपल्यावर उपकारच. ‘दाग’मधलं ‘ऐ मेरे दिल’ गल्लीबोळात पोचलं. शैलेंद्रचे शब्द, दारू आणि दैन्य यांत सापडलेला दिलीपकुमार, आणि अ‍ॅकॉर्डियनची साथ. माझ्या यादीत ‘दाग’ आहे, पण खालच्या अंगाला. गाणं इतकं ऐकलं गेलंय की आता ते स्वतःहून वाजत राहतं. ऐकावं लागत नाही.

‘अनहोनी’ वर आहे. ख्वाजा अहमद अब्बासांचा सिनेमा, नर्गिसच्या दोन भूमिका: एकीचं बालपण इभ्रतदार घरात, दुसरीचं कोठ्यावर. पार्टीत राज कपूर पियानोशी बसून गातो, ‘मैं दिल हूँ’. या गाण्यात काहीही मोठ्याने होत नाही. आता गंमत पाहा. संगीतकार रोशन लखनौच्या मॅरिस कॉलेजात शिकलेला. तलतही तिथलाच. हे कॉलेज १९२६ साली उभं केलं ते आपल्या विष्णू नारायण भातखंड्यांनी. संगीत घराण्यांच्या कुलपातून बाहेर काढून शाळेत, पुस्तकात, स्वरलिपीत आणायचं हे त्यांचं स्वप्न. केसकरांना हवी होती तीच ही वाट. त्या कॉलेजचे प्राचार्य श्रीकृष्ण रातंजनकर यांना तर ऑल इंडिया रेडिओने गवयांच्या परीक्षा घ्यायला बसवलं; बुजुर्ग उस्तादांनाही त्या परीक्षेला बसावं लागे, आणि त्यावरून गवयांनी मोठा गहजब केला. शिवाय तलत सोळाव्या वर्षापासून ऑल इंडिया रेडिओच्या लखनौ केंद्रावर गझला गात होता, आणि रोशन दिल्ली केंद्रावर नोकरीला होता. म्हणजे शाळाही हवी तीच, रेडिओही स्वतःचाच. या दोघांनी मिळून केलेलं गाणं मात्र चाळणीतून खाली पडलं.

‘संगदिल’बद्दल मी पक्षपाती आहे. ‘जेन एअर’ या इंग्रजी कादंबरीवरून घेतलेली कथा, दिलीपकुमार-मधुबाला, आणि संगीत सज्जाद हुसेनचं. सज्जाद माळव्यातल्या सीतामऊचा. मेंडोलिनसारख्या टिचकीच्या वाद्यावर मींड काढणारा माणूस. भांडखोर म्हणून ख्याती, त्यामुळे उभ्या आयुष्यात मोजके सिनेमे. ‘ये हवा ये रात’ची चाल कुठे वळते हे शंभर वेळा ऐकूनही आधी सांगता येत नाही. पुढे ‘आखरी दाव’मध्ये मदन मोहनने त्याच वळणाचं गाणं केलं तेव्हा, आता माझी सावलीसुद्धा चालायला लागली, अशा अर्थाचं काहीतरी सज्जाद म्हणाल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. मदन मोहनची चाल गोड आहे. सज्जादची अवघड आहे, आणि अवघड असूनही तलत ती बोलल्यासारखी गातो. दुसरा क्रमांक ‘संगदिल’चा.

‘परछाईं’ शांतारामबापूंचा, संगीत पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांचं. आदल्याच वर्षी ‘अलबेला’त याच अण्णांनी भगवानदादांना नाचवून सगळा देश नाचवला होता, गोव्याच्या चिक चॉकलेटचा ट्रम्पेट बरोबर घेऊन. केसकरांना ज्याचा राग यायचा तो हाच गोंगाट. आणि वर्षभरात तोच माणूस तलतकडून ‘मोहब्बत ही’ गाववतो, शब्द नूर लखनवींचे. एका गळ्यात दोन बाजू असतात तशा एका संगीतकारातही असतात, एवढं कुठल्याही रेडिओ ऐकणाऱ्याला कळत होतं.

गोवा आलंच आहे तर ‘जाल’. गुरुदत्तचा सिनेमा, कथा घडते गोव्याच्या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती कोळ्यांत. सचिनदेव बर्मनची चाल, साहिरचे शब्द आणि हेमंतकुमारांचा आवाज. नायक तस्कर आहे, त्याचा हेतू शुद्ध नाही, आणि तरीही त्या आवाजाकडे नायिका ओढली जाते, आपणही जातो. त्या काळात मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोनच्या खुर्च्यांवर बहुतेक गोवेकर बसलेले असत. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे संयोजक कागदावर पाश्चात्त्य स्वरलिपी लिहीत. संगीतकार पेटीवर चाल सांगे, शायर उर्दूत शब्द देई, सारंगीवाला मुसलमान, तबलजी कुठलाही, गाणारी मुलगी मंगेशकरांची. सकाळी नऊला हजर, संध्याकाळी पैसे घेऊन घरी. हा कारखाना होता, आणि कारखान्यात माणसं जशी मिसळतात तशी ती मिसळली होती. आपण नंतर तिला तहजीब वगैरे मोठी नावं दिली.

आता जरा अवघड जागा. हेमंतकुमारांचा हिंदीतला पहिला सिनेमा ‘आनंदमठ’ही १९५२चाच, आणि तो माझ्या यादीत आहे. बंकिमचंद्रांच्या कादंबरीत मुसलमान जसे रंगवलेत ते वाचून मला त्रास होतो. तो होऊ नये असं कुणी मला सांगू नये. ‘वंदे मातरम्’वरून आमच्या लोकांना किती वेळा कोपऱ्यात उभं केलं गेलंय तेही सर्वांना ठाऊक आहे. काँग्रेस कार्यकारिणीने १९३७ साली पहिली दोनच कडवी घ्यायचं ठरवलं ते उगीच नव्हे. पण हेमंतकुमारांनी त्या गाण्याला जी कूच करणाऱ्या पावलांची चाल दिली आणि लताबाईंनी ती ज्या तडफेने गायली, ती ऐकताना कान कादंबरीची पानं उलटत बसत नाहीत. त्याच सिनेमात जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’तली दशावताराची रचना आहे, हेमंत आणि गीता रॉय यांच्या आवाजात. ती तर मी रात्री एकट्याने ऐकतो. कुणी बळजबरीने गायला लावणं वेगळं आणि स्वतःहून ऐकणं वेगळं.

मेहबूब खानांचा ‘आन’ थोडक्यात आटोपतो. रंगीत सिनेमा, घोडे, तलवारी, नौशादचा शंभर वादकांचा ताफा. भव्य आहे. भव्यतेपलीकडे मला त्यात फार सापडत नाही, आणि नौशादचं त्या वर्षाचं खरं काम दुसरीकडे आहे.

तो ‘बैजू बावरा’. प्रकाश पिक्चर्स, दिग्दर्शक विजय भट्ट, गीतं शकील बदायुनींची. मुसलमान माणूस १९५२ची यादी करतोय म्हटल्यावर हा पहिला येणार, हे वाचणाऱ्याने आधीच ओळखलेलं असतं. का, तेही ठाऊक असतं: ‘मन तडपत’. दर पंधरा ऑगस्टला मोबाइलवर तो मजकूर येतो. लिहिणारा मुसलमान, चाल बांधणारा मुसलमान, गाणारा मुसलमान, आणि भजन मात्र हरीचं! खाली हात जोडलेले, तिरंगा. पाठवणारे भले लोक असतात, म्हणून मी काही बोलत नाही. पण मला त्या मजकुराचा कंटाळा आलाय, आणि का आलाय ते इथे सांगतो. त्याच १९५२मध्ये रोशनने ‘नौबहार’साठी मीरेच्या भजनाला अजोड चाल दिली, ती रोशनची कला म्हणून आपण ऐकतो. त्याच रोशनने १९६०च्या ‘बरसात की रात’मध्ये हिंदी सिनेमातली सर्वांत मोठी कव्वाली बांधली. संगीतकार हिंदू आणि कव्वाली मात्र इश्काची, असा मजकूर मला आजवर कुणी पाठवलेला नाही. पाठवूही नये. त्याने ती बांधली कारण तो तेवढा मोठा संगीतकार होता. मग मालकंसातलं भजन बांधल्याबद्दल नौशादला दाखला कशाला? तो लखनौचा, मुहर्रमचे सोझ आणि रामलीला दोन्ही कानावर पडत वाढलेला. त्याला मालकंस येत होता आणि प्रसंग भजनाचा होता. त्याने काम केलं, उत्तम केलं.

नौशादला दाखले मागणारे घरचेही होते. वडिलांना गाणंबजावणं नामंजूर. तो स्वतः सांगत असे की, लग्न ठरवताना मुलीकडच्यांना मुलगा शिंपीकाम करतो असं सांगितलं होतं, कारण गाण्याच्या धंद्यापेक्षा ते अब्रूचं. आणि वरातीत बँडवाले वाजवत होते ती ‘रतन’ची गाणी, म्हणजे नवरदेवाचीच! इमाम गझालींनी नऊशे वर्षांपूर्वी समाआवर सविस्तर लिहून ठेवलंय. ऐकणाऱ्याच्या मनात काय आहे त्यावर ते तोलतात. पण आमच्याकडच्या चाळणीवाल्यांना गझालींपर्यंत जायची फुरसत नसते. तलतलाही घर किंवा सिनेमा यांतून एक निवडावं लागलं होतं. एका बाजूला यांची चाळणी आणि दुसऱ्या बाजूला मंत्र्यांची.

आता ‘बैजू बावरा’च्या कथेकडे नीट पाहा. तानसेन हा बादशहाचा गवई, अहंकारी नसेल पण दरबारात बसलेला. त्याच्या हवेलीसमोर गायची मनाई. त्या मनाईपायी लहान बैजूचा बाप मारला जातो. बैजू स्वामी हरिदासांकडे जातो, मंदिरात देवासमोर आक्रंदतो, आणि त्या वेदनेच्या बळावर भर दरबारात तानसेनाला हरवतो. बैजूच्या सुराने संगमरवर वितळतो. इतिहासाला यातलं काही मान्य नाही. बैजूचं नाव परंपरेने ग्वाल्हेरच्या राजा मानसिंह तोमरशी जोडलं जातं, आणि मानसिंह गेला १५१६ला, अकबर जन्मण्याच्याही आधी. पण दंतकथा म्हणून ती काय सांगते? दरबारी उस्तादी विरुद्ध मंदिरातली भक्ती, आणि विजय भक्तीचा. ही तर केसकरांचीच मांडणी! ज्या सिनेमाची गाणी मंत्रिमहोदयांना नकोशी होती, त्याची गोष्ट अक्षरशः त्यांची होती.

आणि आता ती गोष्ट कोण गातंय ते ऐका. दरबारातल्या सामन्यासाठी नौशादने सिनेमाच्या गायकांना बाजूला ठेवलं. तानसेनासाठी उस्ताद अमीर खान, बैजूसाठी पंडित दत्तात्रेय विष्णू पलुसकर. राग देसी. ‘आज गावत’. अमीर खान म्हणजे गंभीर, मंद्रात डुंबणारा, एकेका सुरावर थांबणारा गवई. पलुसकर म्हणजे निर्मळ, मोकळा, सरळ लागणारा आवाज. गोष्टीत हे दोघे शत्रू आहेत. गाण्यात नाहीत. एक जण जागा करतो, दुसरा ती उचलतो, परत देतो. लयीत बढत होत जाते आणि शेवटाकडे तर कोण कुणाला हरवतंय याच्याशी दोघांनाही देणंघेणं उरत नाही. पडद्यावर बैजू जिंकतो कारण पटकथेत तसं लिहिलंय.

पलुसकर हे विष्णू दिगंबरांचे चिरंजीव, जन्म नाशिकचा. संगीताला भक्तीच्या मांडवात बसवणारे, त्यातला शृंगार धुऊन काढणारे ते विष्णू दिगंबर. केसकरांच्या विचारांचे एका अर्थाने पूर्वज. पण विष्णू दिगंबरांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, त्यांचे गुरू वासुदेवबुवा जोशी, आणि वासुदेवबुवांचे गुरू ग्वाल्हेरचे हद्दू-हस्सू खान. तीन पायऱ्या उतरलं की शुद्धीकरणाची वाटही खानसाहेबांच्या ओसरीवर येऊन थांबते. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात हजेरी देणारे अब्दुल करीम खान, कोल्हापूरचे अल्लादिया खान. केसरबाई, मोगूबाई, सवाई गंधर्व त्यांच्याच तालमीतले. अब्दुल करीम खानांचे हे शिष्य, सवाई गंधर्व, १२ सप्टेंबर १९५२ला गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात, केसकरांच्या जन्मगावी, भीमसेनांनी जो उत्सव सुरू केला तो आजही भरतो. आणि केसकरांच्या वाद्यवृंदाची सूत्रं ज्या रविशंकरांकडे होती, ते शिष्य मैहरच्या अल्लाउद्दीन खानांचे.

म्हणून माझ्या यादीत ‘बैजू बावरा’ पहिला आहे, पण ‘मन तडपत’साठी नाही. तो ‘आज गावत’साठी पहिला आहे. तीन-चार मिनिटांच्या त्या चिजेने चौपाटीच्या शेंगदाणेवाल्यालाही ख्याल ऐकवला. राष्ट्रीय कार्यक्रम जे दर शनिवारी करू पाहत होता, ते या सिनेमाने आठवड्यातून सात दिवस, दिवसाला तीन खेळ करून दाखवलं. १९५४ला पहिलं फिल्मफेअर नौशादला मिळालं तेही याच सिनेमाच्या भैरवीतल्या द्वंद्वगीतासाठी. पलुसकर त्यानंतर फार जगले नाहीत. ऑक्टोबर १९५५मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांनी आणखी सिनेमात गायला हवं होतं असं मला वाटतं, आणि शास्त्रीयवाल्या मित्रांना हे अजिबात पटत नाही.

केसकरांचं पुढे काय झालं? सिलोनचा काटा काही परत फिरेना, तेव्हा ३ ऑक्टोबर १९५७ला त्यांच्याच खात्याला विविध भारती सुरू करावी लागली. गाणी परत आली.

यादीत एक नाव उरलंय. ‘बेवफा’. राज कपूर, नर्गिस, अशोककुमार. सिनेमा साधारण, तलतची दोन गाणी सुरेख. तिला मी सातवा नंबर देतो. संगीतकाराचं नाव पडद्यावर ए. आर. कुरेशी. हे कुरेशी म्हणजे तबल्याचे उस्ताद अल्लारखा, पंजाब घराण्याचे, झाकीरभाईंचे अब्बा. सिनेमात यायच्या आधी ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर वाजवणारे. अल्लारखा या नावाने त्यांनी तबला वाजवला तर ते शास्त्रीय संगीत होतं, आणि त्याला रेडिओवर मानाची जागा होती. त्याच वर्षी त्यांनीच पेटीवर बसून तलतला जी चाल शिकवली, ती ऐकायला कोलंबो लावावं लागत होतं.